सिमन्सचं डिफरन्शियल इक्वेशन्सचं पुस्तक: सीनियर्सच्या चार मतांपैकी कोणाचं ऐकायचं?

प्रश्न: मॅडम, मी एम.एस्सी. गणिताच्या पहिल्या वर्षाला आहे. ओ.डी.ई.च्या (ऑर्डिनरी डिफरन्शियल इक्वेशन्सच्या) पेपरला जॉर्ज सिमन्स यांचं पुस्तक लावलंय. सीनियर्सना विचारलं तर चौघांनी चार गोष्टी सांगितल्या. एक म्हणाला, ते गोष्टींचं पुस्तक आहे, परीक्षेला काही उपयोग नाही. दुसरी म्हणाली, याच पुस्तकामुळे गणित आवडायला लागलं. तिसरा म्हणाला, सुरुवातीचे चॅप्टर मस्त आहेत, पुढे सगळं डोक्यावरून जातं. चौथ्याने सांगितलं, सरळ रायसिंघानियांचं सोडवलेल्या गणितांचं पुस्तक घे आणि मोकळी हो. बी.एस्सी.ला मी फक्त सीएफ आणि पीआय (कॉम्प्लिमेंटरी फंक्शन आणि पर्टिक्युलर इंटिग्रल, उत्तराचे दोन भाग) काढायला शिकले. कोणाचं ऐकू?

उत्तर: पुस्तक घे. पण जोडीला सोडवलेल्या गणितांचं दुसरं एक पुस्तक लागेलच, हे गृहीत धरून घे. आता सविस्तर सांगते, कारण त्या चौघांपैकी खोटं कोणीच बोललेलं नाही.

हा पेपर मी बरीच वर्षं शिकवते आहे. सत्र संपताना मुलांना पुस्तकाबद्दल मोकळेपणाने लिहून द्यायला सांगते, नाव घालायची सक्ती नाही. दरवर्षी त्या कागदांवर तुझ्या सीनियर्सचीच चार मतं वेगवेगळ्या शब्दांत येतात. म्हणून आता मत वाचलं की मी आधी हे बघते, की हा मुलगा पुस्तकाच्या कोणत्या पानावर होता, तिथे येताना त्याची तयारी किती होती आणि त्याला पुस्तकाकडून नेमकं काय हवं होतं. एवढं कळलं की परस्परविरोधी वाटणारी मतंही एकमेकांशी जुळतात.

पुस्तकाबद्दल थोडं. पहिली आवृत्ती १९७२ ची, मॅकग्रॉ-हिलची. दुसरी १९९१ ची, तीत न्यूमेरिकल मेथड्सचं प्रकरण आलं. तिसरी २०१६ साली सीआरसी प्रेसने काढली. आपल्याकडे बहुतेक लायब्रऱ्यांत टाटा मॅकग्रॉ-हिलची भारतीय प्रत दिसते. टोपॉलॉजीच्या पेपरलाही तुला सिमन्स भेटतील, १९६३ चं त्यांचं ते पुस्तक आपल्या विद्यापीठांत अजून चालतं. दोन्हींत लिहिण्याची धाटणी एकच आहे. आधी हा प्रश्न कुठून आला ते सांगायचं, मग गणित करायचं, आणि वाचणारा मन लावून वाचतोय यावर विश्वास ठेवायचा.

'गोष्टींचं पुस्तक' म्हणणाऱ्याचं मत आधी घेऊ. न्यूटन, ऑयलर, गाउस, आबेल, पोआंकारे यांच्यावर पानंच्या पानं आहेत, हे खरं. पण ती बहुतेक प्रकरणांच्या शेवटी, अपेंडिक्स म्हणून वेगळी ठेवलेली आहेत. सोडून दिलीस तरी गणिताचा धागा तुटत नाही. मुलं काय करतात, तर या चरित्रांबरोबर मधल्या खऱ्या गणितालाही 'गोष्ट' समजून उलटून टाकतात. ब्रॅकिस्टोक्रोनचा भाग हे त्याचं ठळक उदाहरण. पहिल्याच प्रकरणात आहे, आणि वगळलेल्या भागांत मला तो हमखास सापडतो.

प्रश्न असा: एक बिंदू वर, दुसरा खाली आणि थोडा बाजूला. वरून मणी सोडला तर कोणत्या आकाराच्या तारेवरून तो सर्वांत कमी वेळात खाली पोचेल? योहान बर्नुलीने १६९६ मध्ये हे आव्हान युरोपभरच्या गणितज्ञांना दिलं. सरळ रेषा हे उत्तर नाही. सुरुवातीला तार जास्त उभी असेल तर मणी लवकर वेग घेतो आणि लांबचा रस्ताही भरून काढतो. बर्नुलीची युक्ती अशी की मण्याऐवजी प्रकाशाचा विचार करायचा. प्रकाश नेहमी कमीत कमी वेळाचा मार्ग घेतो, हे फर्माचं तत्त्व. मग वेगवेगळ्या वेगांच्या पातळ थरांतून किरण जातोय असं समज. स्नेलच्या नियमाने, उभ्या दिशेशी होणाऱ्या कोनाचा साइन भागिले वेग ही राशी सगळीकडे सारखीच राहते. मण्याचा वेग ऊर्जेच्या नियमावरून मिळतो, खोलीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. दोन्ही एकत्र मांडलं की समीकरण येतं: वाय गुणिले (१ अधिक वाय-डॅशचा वर्ग) बरोबर स्थिरांक. (वाय म्हणजे खोली, वाय-डॅश म्हणजे तिचा डेरिव्हेटिव्ह.) हे तर साधं व्हेरिएबल सेपरेबल! बी.एस्सी.ला तू असली ढीगभर सोडवलीस, पण ती कोणीतरी तुझ्या हातात तयार दिलेली होती. इथे ते डोळ्यांसमोर जन्माला येतं, आणि उत्तर सायक्लॉइड निघतं, म्हणजे फिरत्या चाकाच्या कडेवरच्या बिंदूने आखलेली रेषा. फळ्यावर हे करताना वर्ग गप्प झालेला मी अनेकदा पाहिलाय. या पानांना गोष्ट म्हणणाऱ्याने ती पेन हातात न घेता वाचली, एवढाच त्या मताचा अर्थ.

कागदांवर येणारी दुसरी एक तक्रार मात्र मला पूर्ण मान्य आहे, आणि तिथे मी मुलांच्या बाजूने उभी राहते. सोडवलेली उदाहरणं खरोखर कमी आहेत. एक-दोन करून दाखवतात आणि लगेच एक्झरसाइज. शिवाय एक्झरसाइजमधली काही गणितं म्हणजे छोटी प्रमेयंच आहेत, जी पुढच्या प्रकरणात लागतात. आपल्या बी.एस्सी.तून आलेल्या मुलाचा हात अजून बसलेला नसतो, त्याचा इथे दम निघतो. अशा मुलाला 'वाच, वाच, येईल' म्हणणं योग्य नाही. त्याला सराव हवा. त्यासाठी शेपली रॉस यांचं पुस्तक चांगलं. संथ आहे, पायऱ्या गाळत नाही. टेनेनबॉम आणि पोलार्ड यांचं १९६३ चं जाडजूड पुस्तक डोव्हरच्या स्वस्त आवृत्तीत मिळतं. त्याची सोय अशी की उत्तरं त्या त्या एक्झरसाइजच्या पाठोपाठच असतात, शेवटची पानं चाळावी लागत नाहीत. एकटीने अभ्यास करणाऱ्याला या लहानशा गोष्टीचा फार आधार होतो.

आणि रायसिंघानिया? त्या पुस्तकाला नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही. सेट-नेटची (प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षांची) तयारी करणाऱ्या कितीतरी मुलांना त्याने तारलंय. एकेका प्रकाराची इतकी गणितं एका जागी मिळणं हीदेखील गरज असते, विशेषतः ज्या कॉलेजात शंका विचारायला माणूस नाही तिथे. अडचण येते ती तेच एकमेव पुस्तक असलं की. मग समीकरण दिसताच पहिला प्रश्न येतो, 'मॅडम, हे कोणत्या टाइपचं?' टाइप ओळखता आला तर गाडी सुसाट, नाही आला तर पेन खाली. अशा मुलाला मी विचारते की सोडवू नकोस, फक्त एवढंच सांग, एक्स वाढत गेला तर उत्तर वाढेल की कमी होईल? वाय-डॅशचं चिन्ह बघून हे सांगता येतं. पण त्या समीकरणाकडे असं बघायचं असतं, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

ही तक्रार फक्त आपल्याकडची नाही. एम.आय.टी.त शिकवणाऱ्या जियान-कार्लो रोटा यांनी १९९७ मध्ये एक भाषण केलं. विषय होता, डिफरन्शियल इक्वेशन्स शिकवायला लागण्याआधी आपल्याला काय काय माहीत असायला हवं होतं. गॅरेट बर्कहॉफ यांच्याबरोबर त्यांनी स्वतः या विषयाचं पाठ्यपुस्तक लिहिलेलं होतं. तरीही ते स्पष्ट बोलले की एक्झॅक्ट इक्वेशन्स आणि इंटिग्रेटिंग फॅक्टरच्या युक्त्यांवर आपण नको इतका वेळ घालवतो, आणि त्यांची खरीखुरी उदाहरणं द्यायला गेलं तर सापडत नाहीत. पुण्याकडच्या इंजिनिअरिंगच्या मुलांचा एम-टू चा (इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्स-टू) पेपर आठव. एक्झॅक्ट, मग रिड्युसिबल टू एक्झॅक्ट, त्याचे नियम पाठ करायचे. इंटिग्रेटिंग फॅक्टरबद्दल मी रोटांइतकी कडक नाही, लिनिअर फर्स्ट ऑर्डरला तो लागतोच. पण बाकीच्या नियमांच्या यादीबद्दल त्यांचं म्हणणं मला पटतं.

'पुढे डोक्यावरून जातं' हे मत मला सगळ्यांत उपयोगी वाटतं, कारण ते जागा दाखवतं. मुलांना 'पुढे' म्हणजे कुठे, असं खोदून विचारलं की जवळजवळ नेहमी उत्तर येतं: पॉवर सिरीज, म्हणजे उत्तर एक्सच्या घातांच्या अनंत बेरजेत मांडणं. त्यातही फ्रोबेनियसची पद्धत, जिथे ती बेरीज एक्सच्या कुठल्याही घातापासून सुरू होऊ शकते. तिथे खरी अडचण डिफरन्शियल इक्वेशनची नसतेच, सिग्माची, म्हणजे बेरजेच्या चिन्हाची असते. एन ऐवजी एन अधिक २ का घातलं, बेरीज शून्याऐवजी दोनपासून का सुरू झाली, इथे मूल हरवतं आणि पुढचं सगळं त्याला मंत्रासारखं दिसायला लागतं. सिमन्स इथे भराभर जातात, हा दोष आहेच. पण त्यावरचा इलाज अगदी हातातला आहे: पहिली काही गणितं सिग्मा न वापरता करायची.

वाय-डबल-डॅश अधिक वाय बरोबर शून्य हे समीकरण घे. वाय म्हणजे ए-० अधिक ए-१ एक्स अधिक ए-२ एक्सवर्ग, असं पाच-सहा पदांपर्यंत उलगडून लिही. दोनदा डिफरन्शिएट करून त्याखाली लिही, एक्सचे घात एकाखाली एक येतील असं. आता उभ्या रकान्यात बेरीज कर. पहिल्या रकान्यात २ ए-२ अधिक ए-० बरोबर शून्य. दुसऱ्यात ६ ए-३ अधिक ए-१ बरोबर शून्य. तिसऱ्यात १२ ए-४ अधिक ए-२ बरोबर शून्य. म्हणजे ए-२ हा वजा ए-० भागिले २, आणि ए-४ हा ए-० भागिले २४. तुझ्या हाताने कोसाइनची मालिका तयार झाली, आणि ए-१ च्या बाजूला साइनची. हे तीन-चार समीकरणांसाठी केल्यावर सिग्मा म्हणजे या रकान्यांचं लघुरूप आहे हे आपोआप दिसतं, आणि इंडेक्स सरकवणं म्हणजे रकाना जुळवणं. मग लजांद्रचं समीकरण, मग बेसेलचं. फ्रोबेनियसमध्ये सुरुवातीच्या घातासाठी मिळणाऱ्या दोन मुळांतला फरक पूर्णांक असेल ती केस सर्वांत शेवटी कर. आधी साध्या केसवर हात बसू दे.

एक गंमत म्हणजे, अवघड गेल्याची तक्रार ज्या दुसऱ्या भागाबद्दल नेहमी येते तो भाग पुस्तकात अगदी शेवटाकडे आहे: पिकार्डचं एक्झिस्टन्स-युनिकनेस प्रमेय. सिमन्स त्याचं विधान आधी सांगून ठेवतात, पण सिद्धता फार पुढे नेतात. आपल्या अनेक अभ्यासक्रमांत मात्र ती पहिल्या युनिटला असते. म्हणजे मुलं बाराशे पायऱ्यांचा गड उलट्या बाजूने चढायला घेतात आणि रस्ता वाईट म्हणतात. शिवाय तिथे आणखी एक प्रश्न कागदावर येतो, 'उत्तर असतं आणि एकच असतं, हे सिद्ध करून काय मिळालं?' हा प्रश्न मला उद्धट वाटत नाही. त्याला नीट उत्तर मिळालं पाहिजे, आणि ते मी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीने देते.

टाकीच्या तळाला छिद्र आहे. टोरिचेलीच्या नियमाने बाहेर पडणाऱ्या पाण्याचा वेग उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. म्हणून टाकी उभ्या भिंतींची असेल तर उंची कमी होण्याचा दर म्हणजे वजा एक स्थिरांक गुणिले उंचीचं वर्गमूळ. सोडवलं की दिसतं, उंचीचं वर्गमूळ एकसारख्या गतीने कमी होतं. म्हणजे भरलेली टाकी ४० मिनिटांत रिकामी होत असेल तर २० मिनिटांनी ती अर्धी नसते, पाव उरलेली असते. आता उलट प्रश्न. तू गच्चीवर गेलीस आणि टाकी रिकामी दिसली. पाणी कधी संपलं? दहा मिनिटांपूर्वी संपलं असेल, काल संपलं असेल, किंवा टाकी कधी भरलीच नसेल. 'आत्ता उंची शून्य' या एका अटीतून मागे जाणारी उत्तरं अगणित आहेत, आणि ती सगळी त्याच समीकरणात बसतात. युनिकनेस मोडला. का मोडला? शून्याजवळ वर्गमुळाचा आलेख उभा होतो, त्याचा उतार कोणत्याही मर्यादेत राहत नाही, म्हणून लिपशिट्झची अट तिथे लागू पडत नाही. टाकीत पाणी असेल तोवर अट पाळली जाते आणि आजच्या पातळीवरून कालची पातळी सांगता येते. पिकार्डच्या सिद्धतेतली ती रटाळ वाटणारी लिपशिट्झची ओळ नेमकं हे काम करते. हे कळल्यावर सिद्धता वाचणारा मुलगा ती ओळ कुठे वापरली गेली हे शोधत वाचतो, आणि तशी वाचलेली सिद्धता पाठ करावी लागत नाही.

ज्या मुलीला पुस्तकामुळे गणित आवडायला लागलं, तिला माझा अंदाज आहे की स्टर्मच्या प्रकरणाने धरलं असेल. समीकरण न सोडवता त्याच्या उत्तरांबद्दल काय सांगता येईल, हा त्या प्रकरणाचा विषय. सेकंड ऑर्डर लिनिअर होमोजिनियस समीकरणाची दोन लिनिअरली इंडिपेंडंट उत्तरं घे. एकाच्या लागोपाठच्या दोन शून्यांच्या मधे दुसऱ्याचं बरोबर एक शून्य येणारच. साइन आणि कोसाइनच्या आलेखात हे तू शाळेपासून पाहिलंस, पण ते त्या दोघांपुरतं नाही, असल्या कुठल्याही जोडीला लागू आहे. सिद्धता अर्ध्या पानाची आणि हत्यार फक्त रॉन्स्कियन (दोन उत्तरं आणि त्यांचे डेरिव्हेटिव्ह यांचा डिटर्मिनंट): तो शून्य होत नाही, म्हणून चिन्ह बदलत नाही, म्हणून दुसऱ्या उत्तराचं चिन्ह दोन टोकांना विरुद्ध असावं लागतं. बी.एस्सी.ला रॉन्स्कियन म्हणजे काढून दाखवायचा एक डिटर्मिनंट होता. इथे त्याच्यावर सगळा युक्तिवाद उभा राहतो. सिमन्स हे इतकं स्वच्छ लिहितात की या प्रकरणासाठी मला दुसरं पुस्तक सुचवावंसं वाटत नाही.

मुलं कधीच करत नाहीत अशी एक तक्रार मात्र मी करते. सिस्टीम्सच्या प्रकरणात सिमन्स मॅट्रिक्स जवळजवळ टाळतात, दोन समीकरणांवरच सगळं चालवतात. व्होल्टेराचं शिकार आणि शिकारी यांचं मॉडेल त्यात सुरेख आलंय, फेज प्लेन पुढच्या प्रकरणात. पण सीएसआयआर-नेटच्या अभ्यासक्रमात फर्स्ट ऑर्डर सिस्टीम्स आहेत, आणि मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यूच्या भाषेत विचार केल्याशिवाय त्या झपाट्याने सुटत नाहीत. त्यासाठी बॉइस आणि डिप्रिमा यांचं सिस्टीम्सचं प्रकरण वाच. आधी मॅट्रिक्सची उजळणी देऊन मग पुढे नेतात. ग्रीन्स फंक्शनही नेटला आहे, त्याची सोय वेगळी करावी लागेल. याबद्दल मुलांच्या कागदांवर काही येत नाही, कारण पुस्तकात जे नाही ते वाचणाऱ्याला दिसत नाही. म्हणून मतं ऐकल्यावर अभ्यासक्रमाचा कागद आणि पुस्तकाची अनुक्रमणिका शेजारी ठेवून एकदा स्वतः ताडून बघ.

इंजिनिअरिंगचे मित्र सिमन्सबद्दल काही म्हणाले तर ते बाजूला ठेव. त्यांची गरज क्रेझिग किंवा ग्रेवालने भागते, त्यांचा पेपर वेगळा. तसंच मत कधी दिलंय ते विचार. पेपरच्या आदल्या आठवड्यात सगळीच पुस्तकं जाड वाटतात. ज्यांनी पुढे संशोधन केलं किंवा शिकवायला लागले, ते याच पुस्तकाकडे परत येताना मी पाहिलेत.

आता तुझ्यापुरतं. पहिले दोन आठवडे पहिलं प्रकरण, ब्रॅकिस्टोक्रोनसकट, पेन घेऊन. समांतर रॉसमधून फर्स्ट ऑर्डरची रोज चार-पाच गणितं. सेकंड ऑर्डर लिनिअर तुला ओळखीचं आहे, तिथे व्हेरिएशन ऑफ पॅरामीटर्स तेवढं नीट कर. डी ऑपरेटरची पद्धत दुसऱ्या आवृत्तीत थोडक्यात आहे, ती तुला येतेच. मग थेट स्टर्म, मग सिरीज वर सांगितलं तशी. पिकार्ड पहिल्या युनिटला शिकवलं गेलं तरी वर्गात फक्त विधान आणि पहिली दोन-तीन इटरेशन्स (एका अंदाजातून पुढचा अंदाज काढणं) पक्की करून घे. वाय-डॅश बरोबर वाय, सुरुवातीला वाय १, याची इटरेशन्स काढलीस की एक्स्पोनेन्शियलची मालिका एकेक पद वाढत जाते. सिद्धता सत्राच्या मध्यावर पुन्हा उघड. आलेख डोळ्यांसमोर येत नसतील तर एम.आय.टी.चे आर्थर मॅटक यांची २००३ ची व्याख्यानं नेटवर फुकट आहेत. पहिल्याच तासात ते डायरेक्शन फील्डपासून, म्हणजे प्रत्येक बिंदूवर उताराची छोटी रेघ काढलेल्या चित्रापासून सुरुवात करतात, तो तास तरी बघच.

प्रत विकत घेण्याआधी लायब्ररीतून दुसरी आवृत्ती काढ. अभ्यासक्रमात सेक्शनचे नंबर दिले असतील तर ते कोणत्या आवृत्तीचे आहेत हे सरांना विचारून घे, कारण आवृत्तीगणिक नंबर सरकतात आणि मुलं भलताच सेक्शन वाचून बसतात. एखाद्या गणितावर अडलीस तर कुठपर्यंत आलीस तेवढ्या पायऱ्या लिहून पाठव, पुढचं आपण बघू.